भोवळ येण्याआधीचे अर्धे मिनिट

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर गोदावरीच्या पुलाशी शहागड लागते. अलीकडे जालना जिल्ह्यातील अंबड तालुका, पुलापलीकडे बीड जिल्ह्यातील गेवराई. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या प्रवाशाला हे गाव गाडीच्या खिडकीतून दिसते आणि मागे पडते. परंतु पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या कित्येकांचे आईवडील अशाच गावांत राहतात. समजा, एखाद्या सकाळी तिथून धाकट्या भावाचा फोन येतो : 'दादा, अण्णा पडले. एकाएकी शुद्धच हरपली. आता बरे आहेत, चहा घेतायत.'

यापुढचा घटनाक्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. कोणी म्हणते, उन्हात गेले होते, अशक्तपणा असेल, एक सलाइन लावून घ्या. कोणी म्हणते, पित्त चढले. शेजारच्या एकाने हातपाय झटकताना पाहिलेले असते, त्यामुळे तो ठामपणे सांगतो की ही फिटच. मग अंबडला न्यायचे, जालन्याला, की थेट संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, यावर चर्चा होते. संध्याकाळपर्यंत मेंदूचा स्कॅन झालेला असतो. तो निर्दोष येतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. या धावपळीत एक प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारलेला नसतो. पडण्यापूर्वी अण्णांना नेमके काय जाणवले?

वास्तविक निदानाच्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. पुण्यातून फोनवरही तो विचारता येतो. शुद्ध हरपण्याचा प्रकार काही सेकंदांत घडतो आणि संपतो. रुग्ण डॉक्टरांसमोर येतो तेव्हा त्याची नाडी, रक्तदाब, चेहऱ्याचा रंग सारे काही पूर्ववत झालेले असते. उरते ती फक्त हकिकत. ज्यांची हकिकत नेहमीपेक्षा वेगळी असते, म्हणजे पडण्यापूर्वी ज्यांना काही विचित्र जाणवलेले असते, त्यांच्याच बाबतीत ती सांगितली जात नाही किंवा ऐकली जात नाही. आपल्याकडे अशा प्रत्येक विचित्र लक्षणाला एक तयार घरगुती नाव आहे. ते नाव एकदा चिकटले की पुढची चौकशी थांबते.

भाषेपासूनच सुरुवात करावी लागते. 'चक्कर आली' हे मराठीतील अत्यंत संदिग्ध वाक्य आहे. घर गरगर फिरल्यासारखे वाटणे म्हणजे चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी येणे म्हणजेही चक्कर, चालताना तोल जाणे म्हणजेही चक्कर आणि बेशुद्ध होऊन पडणे म्हणजेही चक्करच. यातील गरगरणे हा बहुधा अंतर्कर्णाचा विकार असतो आणि त्यात शुद्ध जात नाही. या लेखाचा विषय आहे तो भोवळ किंवा मूर्च्छेचा. म्हणजे काही क्षणांसाठी शुद्ध पूर्णपणे जाणे, माणूस कोसळणे आणि कोणताही उपचार न करता आपोआप शुद्धीवर येणे. त्यामुळे पहिला प्रश्न हाच : शुद्ध खरोखर गेली होती का? 'पडलो ते आठवते' म्हणणारा आणि 'जमिनीवर होतो तेव्हाच कळले' म्हणणारा, हे दोन वेगळे रुग्ण आहेत.

मूर्च्छेमागची यंत्रणा तशी सोपी आहे. मेंदूला रक्ताचा साठा करून ठेवता येत नाही. त्याचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते. हा पुरवठा तीन प्रकारे तुटतो. एक तर मज्जासंस्थेच्या प्रतिक्षिप्त क्रियेने नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. दुसरे म्हणजे, उभे राहिल्यावर रक्तदाब सावरून धरण्याची शरीराची यंत्रणा दुबळी झालेली असते. तिसरे, हृदयाचाच ठोका चुकतो किंवा रक्ताची वाट अडते. पहिला प्रकार सर्वांत अधिक आढळणारा आणि बव्हंशी निरुपद्रवी आहे. तिसरा संख्येने कमी, पण जिवावर बेतणारा. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीचे २००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या बाबतीत बोलके आहेत. हृदयविकारामुळे मूर्च्छा आलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होता; साध्या प्रतिक्षिप्त मूर्च्छेमुळे तो मुळीच वाढलेला नव्हता. म्हणजे 'अण्णा पडले' या एकाच वाक्यात काळजी न करण्याजोगे कारणही दडलेले असू शकते आणि जीवघेणेही.

साध्या मूर्च्छेची पूर्वसूचना बहुतेकांच्या परिचयाची आहे. फार वेळ उभे राहणे, कोंदट मंडप, रक्त पाहणे, सुईची भीती, उपाशीपोटी केलेली धावपळ असे काही तरी निमित्त होते. मग मळमळ, जांभया, अंगाला दरदरून घाम, कानात दडे बसणे, आवाज दूरवरून आल्यासारखे वाटणे, रंग फिके पडणे आणि अखेर डोळ्यांपुढे काळोख. ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात राष्ट्रगीताच्या वेळी उभे असताना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना भोवळ आली, तेव्हा ते दृश्य अवघ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले. रक्तातील साखर कमी झाल्याने तसे घडल्याचे त्यांनी नंतर कळवले. २४ एप्रिल २०२४ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या प्रचारसभेत त्यांना पुन्हा भोवळ आली. त्या वेळी त्यांनी उष्म्याचे कारण सांगितले. दूरचित्रवाणीवरच्या दृश्यावरून निदान करण्याचा मोह कोणी धरू नये. पण उभे राहणे, गर्दी आणि उष्मा यांची सांगड किती प्रबळ असते हे अशा प्रसंगांतून दिसते. मात्र उन्हातली साधी भोवळ आणि उष्माघात यांत गल्लत होता कामा नये. भोवळ आलेला माणूस आडवे केल्यावर मिनिटाभरात भानावर येतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या 'महाराष्ट्र भूषण' सोहळ्यानंतर डझनाहून अधिक लोक दगावले, तो उष्माघात होता. त्यात अंग तापलेले असते, माणूस बरळतो आणि आपोआप सावरत नाही.

आता कमी परिचित पूर्वसूचनांकडे वळू.

काही रुग्ण सांगतात की पोटातून काही तरी वर चढत येते. दुखत नाही, मळमळतही नाही, पण पोटातून छातीकडे, छातीकडून गळ्याकडे एक लाट उसळते. काहींना जळलेल्या रबरासारखा किंवा कुजल्यासारखा वास येतो, जो शेजारच्या कोणालाच येत नाही. काहींना वाटते की समोरचा प्रसंग हुबेहूब पूर्वी घडून गेला आहे. तर काहींना स्वतःचेच घर अनोळखी वाटू लागते. अकारण भीती दाटते. हे सारे काही सेकंद ते मिनिटभर चालते आणि मग भान जाते. एकोणिसाव्या शतकात लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अशा 'स्वप्नवत अवस्थे'चे बारकाईने वर्णन केले आणि तिचा संबंध मेंदूच्या कानशिलाकडील भागाशी जोडला. आज आपण जाणतो की अशी अनुभूती दरवेळी त्याच क्रमाने, त्याच रूपात येत असेल तर तो त्या भागातील अपस्माराचा प्रारंभ असण्याची दाट शक्यता असते. अपस्मार म्हटले की हातपाय झटकणे आणि तोंडाला फेस हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. या प्रकारात ते घडेलच असे नाही. रुग्ण केवळ टक लावून बघत राहतो, ओठ चाटतो, चघळल्यासारखे करतो, कपड्यांशी चाळा करतो आणि नंतर काही मिनिटे गोंधळलेला असतो.

आता पाहा, घरगुती नावे काय करतात. पोटातून लाट वर चढते, त्याला 'पित्त' म्हटले जाते आणि वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या चालू राहतात. नसलेला वास येतो, ओळखीचे घर परके वाटते, त्याला 'बाहेरचे' म्हटले जाते आणि अंगारा लावला जातो. सुशिक्षित घरांत 'बाहेरचे' म्हणत नाहीत, 'टेन्शन' म्हणतात, परिणाम तोच. रुग्णाला स्वतःलाही आपण वेडे ठरू अशी धास्ती असते, म्हणून तो डॉक्टरांना फक्त 'चक्कर येते' एवढेच सांगतो. तेव्हा फोनवरून विचारताना 'काही वेगळे वाटले का?' असे मोघम विचारू नये. 'कसला वास आला का? पोटातून काही वर आल्यासारखे झाले का? हे आधी घडून गेले आहे असे वाटले का?' असे थेट विचारावे. कित्येकदा प्रश्न ऐकूनच माणसाला हायसे वाटते : हे इतरांनाही होते तर.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विचित्र अनुभूती म्हणजे अपस्मारच, असे समीकरण मांडता येत नाही. १९९४ साली जर्मनीत थॉमस लेम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून त्यांचे चित्रण केले. पूर्ण शुद्ध गेलेल्या ४२ जणांपैकी ३८ जणांचे, म्हणजे सुमारे ९० टक्क्यांचे, हातपाय झटकले गेले. त्यांना अपस्मार नव्हता. शिवाय अनेकांनी शुद्धीवर आल्यानंतर दिवे, आकृत्या, माणसे दिसल्याचे किंवा आवाज ऐकू आल्याचे सांगितले. रक्त कमी पडलेला मेंदू विझता विझता असे खेळ करतो. शेजाऱ्याने पाहिलेले झटके त्यामुळे फिटचा पुरावा ठरत नाहीत. झटके किती आणि किती वेळ, हे महत्त्वाचे. दहाहून कमी झटके असतील तर कल साध्या मूर्च्छेकडे असतो. वीसहून अधिक असतील तर अपस्माराकडे.

निसर्ग कधी कधी दोन्हींची सरमिसळ करतो. क्वचित काही रुग्णांत कानशिलाकडील भागातील अपस्माराचा झटका हृदयाचा ताबा घेणाऱ्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचतो आणि हृदयच काही सेकंद थांबते. अशा रुग्णाला आधी तो परिचित वास किंवा पोटातली लाट जाणवते, आणि नंतर तो पांढराफटक पडून खाली कोसळतो. हृदयरोगतज्ज्ञ ईसीजीवर हृदयाचा खंड पाहतात, मेंदूविकारतज्ज्ञ वासाची हकिकत ऐकतात, आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असते. मेंदूचा आलेख आणि हृदयाचा आलेख चित्रणासह एकाच वेळी घेतला तरच कोडे सुटते. प्रकार दुर्मीळ आहे. पण अपस्माराच्या ज्या रुग्णाचे पडणे अलीकडे बदलले आहे, जो पूर्वी नुसता भान हरपून बसून राहायचा आणि आता धाडकन पडतो, त्याच्याबाबत तो आठवावा.

शहागडच्या अण्णांच्या वयाला अधिक लागू पडणारी पूर्वसूचना वेगळीच आहे, आणि तिची घरोघरी हमखास गफलत होते. उभे राहिले की मान आणि दोन्ही खांदे दुखू लागतात, शर्ट अडकवण्याच्या हँगरच्या आकारात. बसले किंवा आडवे झाले की दुखणे ओसरते. त्यापुढे नजर अंधुक होते आणि भोवळ येते. मान दुखते आणि चक्करही येते, म्हटल्यावर 'स्पाँडिलायटिस' हे नाव ठरलेलेच. गळ्याला पट्टा लागतो, शेक सुरू होतो. प्रत्यक्षात मानेच्या मणक्यांचा दोष नसून उभे राहिल्यावर रक्तदाब कोसळत असतो आणि मान-खांद्यांच्या स्नायूंना रक्त अपुरे पडत असते. दीर्घकाळचा मधुमेह, कंपवात आणि स्वायत्त मज्जासंस्थेचे इतर विकार यांत हे आढळते. पहाटे अंथरुणातून उठताना आणि भरपेट जेवणानंतर त्रास अधिक होतो. याची तपासणी कोणत्याही गावात होऊ शकते. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजावा, नंतर उभे करून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उत्तर मिळाले. दहा मिनिटांची ही तपासणी स्कॅनच्या तुलनेत जवळजवळ फुकट आहे, आणि कदाचित म्हणूनच तिला प्रतिष्ठा नाही!

याच वेळी औषधांची पिशवी तपासावी. लघवी साफ व्हावी म्हणून पुरःस्थ ग्रंथीसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिन, प्राझोसिन यांसारख्या गोळ्या, रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या, पाणी काढणारी गोळी अशी भर पडत जाते, आणि ती वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असल्यामुळे एकत्र कोणीच पाहिलेली नसते. मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेऊन एकादशी केली की साखर उतरते. मात्र साखर उतरून शुद्ध गेली असेल तर माणूस सहसा मिनिटाभरात आपोआप सावरत नाही. त्याआधी बराच वेळ कापरे, घाम, भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे असा क्रम असतो. हृदयासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर कापरे आणि धडधड दबून जातात; सूचना म्हणून घामच काय तो उरतो.

काही जणांच्या मूर्च्छेला अगदी ठरावीक कृती कारणीभूत असते. खोकल्याची जोरदार उबळ येऊन, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या स्थूल पुरुषांत, शुद्ध जाते. रात्री झोपेतून उठून उभ्याने लघवी करताना पुरुष पडतात. क्वचित घास किंवा थंड पेय गिळताना भोवळ येते. घशात, जिभेच्या मुळाशी, कानात वीज चमकल्यासारखी कळ येऊन लगेच भोवळ येत असेल तर घशाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा विकार शोधावा लागतो. अशा रुग्णांचे दात आणि टॉन्सिल्स आधी दोषी ठरवले जातात. दाढी करताना किंवा मान वळवताना उतारवयातील माणूस पडत असेल तर मानेतील रोहिणीच्या संवेदनशील गाठीचा विचार होतो. या सर्वांत 'त्या वेळी काय करत होता?' एवढ्या एका प्रश्नात निदान असते.

आणि काही वेळा पूर्वसूचना नसणे हीच सूचना असते. बसल्या-बसल्या, आडवे असताना किंवा चालता-चालता, काहीही न जाणवता माणूस कोसळला, तोंडावर जखम झाली, कारण हात पुढे करायलाही सवड मिळाली नाही, तर हृदयाचा ठोका थांबल्याचा संशय घ्यावा. उतारवयात हृदयातील विद्युतवाहिनी जीर्ण झाल्याने हे घडते आणि पेसमेकरने त्यावर समाधानकारक उपाय होतो. जिना चढताना, शेतात जोराचे काम करताना शुद्ध जाणे हेही धोक्याचे. महारोहिणीची झडप आकसली असेल किंवा हृदयाचा स्नायू जाड झाला असेल तर हृदय वाढीव मागणी पुरवू शकत नाही. तरुणांत आणखी एक विलक्षण प्रकार आहे. पहाटे घड्याळाचा गजर किंवा फोन खणखणला आणि दचकून शुद्ध गेली. पोहताना शुद्ध गेली. ताप चढला असताना झोपेत घरघर करून शुद्ध गेली. हृदयाच्या विद्युतप्रवाहातील जन्मजात दोषांमुळे असे होऊ शकते. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का, हा प्रश्न अशा वेळी विचारलाच पाहिजे. 'काका विहिरीत बुडून गेले, पट्टीचे पोहणारे होते' हे वाक्य कुटुंबात दंतकथेसारखे सांगितले जाते. डॉक्टरांसाठी तो वैद्यकीय इतिहास असू शकतो.

दुखणे ही पूर्वसूचना असेल तर थांबू नये. छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ, आयुष्यात कधी झाली नाही अशी एकाएकी उसळलेली डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर अचानक लागलेली धाप, काळी डांबरासारखी शौचास होणे, यांसोबत भोवळ आली असेल तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. मूल होण्याच्या वयातील स्त्रीच्या ओटीपोटात दुखते, पाळी चुकलेली आहे, खांद्याच्या टोकाशीही दुखते आणि तिला भोवळ येते, तेव्हा गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध, असे वाटून ती खांद्याबद्दल बोलतही नाही. अशा स्त्रीला 'अशक्तपणा' म्हणून घरी झोपवून ठेवणे प्राणघातक ठरू शकते.

मनाशी निगडित प्रकारांविषयी थोडेसेच. भीतीने श्वास जलद होतो, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, बोटे आखडतात. शुद्ध पूर्ण जात नाही. आणखी काही रुग्ण दीर्घकाळ, दहा-पंधरा मिनिटेही, निपचित पडून राहतात किंवा थरथरतात, पण डोळे घट्ट मिटलेले असतात. अपस्मारात आणि साध्या मूर्च्छेतही डोळे सहसा उघडे असतात. हा आजार मानसिक ताणातून येतो, तो खराखुरा आहे, त्याला उपचार आहेत. त्याला 'नाटक' म्हणणारे नातेवाईक रुग्णाचे नुकसान करतात.

पडलेल्या माणसाला आपण कसे पडलो हे ठाऊक नसते, म्हणून प्रत्यक्षदर्शी हा दुसरा महत्त्वाचा साक्षीदार. धाकट्या भावाने पाहिले असेल तर त्याला विचारावे : चेहरा पांढरा पडला की निळसर झाला? डोळे उघडे होते की मिटलेले? अंग आधी ताठ झाले की सैल पडले? मान एका बाजूला वळली का? घड्याळाने किती वेळ? साध्या मूर्च्छेत बहुधा वीस-तीस सेकंदांत भान येते आणि माणूस लगेच 'काय झाले?' विचारतो. अपस्मारात झटका मिनिट-दोन मिनिटे चालतो आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला, झोपाळलेला असतो. जीभ कडेला चावली गेली असेल तर अपस्माराचा पुरावा बळकट होतो. कपड्यांत लघवी होणे मात्र दोन्हींत घडू शकते, त्यावरून निष्कर्ष काढू नये. दुसऱ्यांदा असे घडले तर मोबाइलवर चित्रण करावे. नातेवाइकांना हे निर्दयपणाचे वाटते. पण अर्ध्या मिनिटाचे ते चित्रण अनेक तपासण्यांहून अधिक सांगते. अर्थात एकाने चित्रण करावे, दुसऱ्याने रुग्णाला सांभाळावे. आडवे करून पाय उंच धरावेत, झटके येत असतील तर कुशीवर वळवावे. कांदा-चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे हे प्रकार टाळावेत. उठवून बसवणे तर नकोच. मेंदूकडे परतणारे रक्त त्याने पुन्हा खाली उतरते.

एवढी हकिकत हाती आली की तपासण्या आपोआप मोजक्या होतात. ईसीजी प्रत्येकाचा काढावा. आडवा व उभा रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन पाहावे. हृदयाचा संशय असेल तर टू-डी इको आणि २४ तासांचा होल्टर. त्रास महिन्या-दोन महिन्यांनी एकदा होत असेल तर चोवीस तासांच्या होल्टरमध्ये तो सापडण्याची शक्यता अल्पच. तेव्हा त्वचेखाली बसवायचे, दोन-तीन वर्षे नोंद करणारे छोटे यंत्र उपयोगी पडते. प्रतिक्षिप्त मूर्च्छेची खात्री करण्यासाठी तिरक्या टेबलावरची चाचणी असते. १९८६ पासून ती वापरात आहे. मेंदूच्या आलेखाबद्दल, म्हणजे ईईजीबद्दल, मोठा गैरसमज आहे. अपस्मार असूनही पहिला ईईजी निर्दोष येणे ही नित्याची गोष्ट आहे. तेव्हा निर्दोष ईईजीने अपस्मार नाकारता येत नाही, आणि हकिकत मूर्च्छेची असताना ईईजीतील किरकोळ बदलांवरून तो सिद्धही होत नाही. डोक्याला मार नसेल, अर्धांग किंवा वाचा यांत बिघाड नसेल, तर साध्या मूर्च्छेत मेंदूच्या स्कॅनमधून सहसा काहीच निष्पन्न होत नाही.

चुकीचे नाव किती महागात पडते याचा अंदाज मँचेस्टरमधील एका अभ्यासावरून येतो. तो २००० साली प्रसिद्ध झाला. अपस्माराची औषधे घेऊनही ज्यांचे झटके थांबत नव्हते किंवा ज्यांच्या निदानाविषयी शंका होती, अशा ७४ रुग्णांची फेरतपासणी झाली. त्यांपैकी ३१ जणांच्या बेशुद्धीचे कारण अपस्माराहून वेगळे, बहुतांशी हृदय व रक्ताभिसरणाशी निगडित निघाले. त्यांतील काही जण विनाकारण मेंदूची औषधे घेत होते. आपल्याकडे त्याला सामाजिक किंमतही जोडलेली असते. अपस्मार हे विवाहाला कायदेशीर बाध आणणारे कारण होते, ते १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून वगळले गेले. कायद्यातून गेले, स्थळे पाहणाऱ्यांच्या मनातून अद्याप गेलेले नाही. एकदा 'फिट येते' असा शिक्का बसलेल्या मुलीचे काय होते, हे सांगायला नको. ज्यांना खरोखर अपस्मार आहे त्यांतील बहुतेकांचे झटके योग्य औषधांनी आटोक्यात येतात आणि ते संसार व नोकरी व्यवस्थित करतात. त्यांनी निदान लपवण्यात काही हशील नाही. पण ज्यांना तो नाहीच, त्यांच्यावर हे ओझे का लादावे?

निदान साध्या मूर्च्छेचे ठरले तर औषधे बहुधा लागतच नाहीत. सूचना ओळखता आली की तिचा उपयोग करता येतो. मळमळ, घाम, अंधारी यांची चाहूल लागताच आडवे व्हावे. मंडपात किंवा एसटीच्या रांगेत ते शक्य नसेल तर पायावर पाय घालून मांड्या आवळाव्यात, मुठी गच्च मिटून हात एकमेकांत अडकवून ओढावेत किंवा उकिडवे बसावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीत या साध्या युक्त्यांनी मूर्च्छेचे प्रसंग कमी झाल्याचे दिसले. पाणी भरपूर प्यावे. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार नसेल तर डॉक्टरांना विचारून मीठही थोडे वाढवता येते.

अण्णांच्या बाबतीत मात्र, निदान होईपर्यंत त्यांना मोटारसायकल चालवू देऊ नये. शिकाऊ परवान्यासाठी स्वतःच्या प्रकृतीविषयी जे घोषणापत्र भरून द्यावे लागते त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा अथवा भोवळ येण्याचा विकार आहे का, हा प्रश्न स्पष्टपणे विचारलेला आहे. आपण तिथे 'नाही' लिहून मोकळे होतो. शहागडहून अंबडला किंवा गेवराईला जायचे तर महामार्गावरूनच जावे लागते, आणि भोवळ आली की गाडी हाताबाहेर जायला दोन सेकंदही पुरतात. रुग्णालयात जाताना एसटी किंवा कोणाची तरी गाडी घ्यावी, सोबत ज्याने पडताना पाहिले त्यालाच न्यावे, औषधांची पिशवी जशीच्या तशी बरोबर ठेवावी. आणि पडण्यापूर्वी काय जाणवले ते अण्णांच्याच शब्दांत, त्याला पित्त किंवा अशक्तपणा असे नाव न देता, त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे. आठवड्याभरात ते पुसट होते.